‘नंतर’ आणि ‘मुळे’ : जुन्या संगणकावरील लिनक्सचा एक निदानपाठ

जन्माच्या दुसऱ्या दिवशी तपासलेल्या बाळाच्या हृदयात कोणताही जादा आवाज नसतो. तेच बाळ सहाव्या आठवड्यात लसीकरणासाठी येते आणि स्टेथोस्कोप लावताच स्पष्ट मर्मर ऐकू येते. आई घाबरून विचारते, “जन्मताच दिलेल्या सुईमुळे हे झाले का, डॉक्टर?” आपण तिला समजावून सांगतो की, हृदयाच्या पडद्यातील छिद्र जन्मतःच होते, फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा रोध जन्मानंतर काही आठवड्यांत कमी होत जातो, छिद्रातून वाहणारे रक्त वाढते आणि मगच तो आवाज ऐकू येऊ लागतो. सुईनंतर झाले, सुईमुळे नव्हे.

व्यवसायबंधू-भगिनींनो, बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी संगणकावर लेख लिहावा हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु हा ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतील भेद रुग्णांच्या मातांना पंचवीस वर्षे शिकविणारा मी, स्वतःच्या दवाखान्यातील संगणकाबाबत तो साफ विसरलो आणि त्याची किंमत एका लहान मुलीला मोजावी लागली. म्हणून हा प्रपंच.

पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित सुरक्षा-आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले अनेक संगणक एकाएकी ‘कालबाह्य’ ठरले. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या सभासदांपैकी कित्येकांचे दवाखाने अशाच संगणकांवर चालतात. तेव्हापासून ‘लिनक्स बसवावे का?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य असून तिचा अंतर्गत मजकूर सर्वांना खुला आहे. केरळमधील शासकीय शाळांतून ती वर्षानुवर्षे वापरात आहे, आणि आपल्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ या नावाने तिचे भारतीय रूप तयार केले आहे. तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या संगणकांवर उत्तम चालतात. तरीही काही दिवसांनी एक तक्रार हमखास येते : “लिनक्स बसविल्यापासून संगणक मध्येच बंद पडतो.” या लेखाचा विषय तेवढाच आहे.

माझा रुग्ण

माझ्या दवाखान्यातील संगणक २०१० सालचा. ड्युअल-कोर प्रोसेसर, प्रत्येकी दोन जीबीच्या दोन मेमरीपट्ट्या. त्यावर विंडोज ७ होते, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता. जून २०१० पासूनची लसीकरणाची आणि वजन-उंचीची नोंद त्याच संगणकातील एका तक्त्यात होती. २०२४ च्या संक्रांतीच्या सुमारास मी त्यावर लिनक्सची एक हलकी आवृत्ती बसविली.

त्यानंतर चार तक्रारी एकामागून एक सुरू झाल्या. पहिली, सुरू होताना पडदा काळा पडणे. दुसरी, संध्याकाळी गर्दीच्या वेळी सर्व काही गोठून जाणे. तिसरी, मार्चपासून दुपारी संगणक आपोआप बंद होणे. चौथी सर्वांत फसवी : वेळ नाही, काळ नाही, केव्हाही थिजणे. मी चौघींचे एकच निदान केले, ते म्हणजे लिनक्स. आणि एकच उपचार केला : प्रणाली पुसून पुन्हा बसविली. दोनदा. तापाचे कारण न शोधता प्रतिजैविके बदलत राहणाऱ्या डॉक्टरास आपण काय म्हणतो, हे येथे लिहीत नाही.

एप्रिलमध्ये सव्वा वर्ष ओलांडलेल्या एका मुलीला घेऊन तिची आई आली. कुटुंब मजुरीसाठी हैदराबादला जाऊन-येऊन असते. त्या प्रवासात लसीकरणाचे कार्ड हरवले होते. “फेब्रुवारीत एक सुई दिली होती की, साहेब, कोणती ते तुमच्या कंप्युटरात असेल.” तक्ता उघडेना. फाइल बिघडल्याचा संदेश आला. पेनड्राइव्हवरील दोन दिवसांपूर्वीची प्रतही उघडेना. उघडली ती केवळ जानेवारीतील प्रत. पुढील तीन महिने गेले होते.

लेखी पुरावा नसल्यास ती मात्रा दिली गेली नाही असे धरावे, हा आपला नियम आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाची मात्रा जादा झाली तरी अपाय होत नाही. त्याप्रमाणे मी ती लस दिली. बहुधा दुसऱ्यांदाच. वैद्यकीयदृष्ट्या काही चुकले नाही. पण ती मुलगी रडली ती माझ्या संगणकासाठी, हे मला त्या दिवशी कळले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास नोंदी ७२ तासांत देणे हे आपले कर्तव्य आहे, याचीही आठवण झाली.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो संगणकक्षेत्रातच आहे. सर्व ऐकून घेऊन म्हणाला, “मामा, तुम्ही दोनदा औषध बदललेत. पण पेशंटला एकदा तरी तपासलेत का?”

पुढील क्रम त्या प्रश्नातून आला. तो मी आपल्या परिचयाच्या पद्धतीनेच मांडतो.

पहिली पायरी : इतिवृत्त

एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक घटनेपुढे चार गोष्टी लिहाव्यात : वेळ, त्या क्षणी चालू असलेले काम, पडद्यावर काय दिसले, आणि वीज गेली-आली होती काय. आठवडाभराच्या नोंदींतच आकृतिबंध दिसू लागतो. केवळ दुपारी होत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. वीज जाताच होत असेल तर विद्युत्-पुरवठ्याचा. अनेक पाने उघडल्यावर होत असेल तर मेमरीच्या कमतरतेचा. नुकत्याच केलेल्या अद्ययावतीकरणानंतर होत असेल तर प्रणालीचा. आणि कोणताच आकृतिबंध नसेल तर मेमरीपट्टीतील दोषाचा विचार प्रथम करावा.

दुसरी पायरी : शुद्धीची पातळी

बेशुद्ध बालकाची आपण चार पायऱ्यांनी परीक्षा करतो : सजग, हाकेला प्रतिसाद, वेदनेला प्रतिसाद, प्रतिसादहीन. थिजलेल्या संगणकालाही ही श्रेणी लागू पडते. लगेच बटण दाबून तो बंद करू नये.

माउस हलत असेल आणि एकच प्रोग्रॅम अडकला असेल, तर संगणक सजग आहे. तो प्रोग्रॅम तेवढा बंद करावा. सर्व पडदा स्थिर असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ आली, तर प्रणाली जिवंत असून केवळ चित्र दाखविणारा भाग आजारी आहे. तेही न झाल्यास ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन या कळा दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे काही सेकंदांच्या अंतराने क्रमाने दाबावीत. एस मुळे अर्धवट राहिलेले लेखन हार्डडिस्कवर उतरते, यू मुळे डिस्क ‘केवळ वाचन’ स्थितीत जाते आणि बी मुळे संगणक पुन्हा सुरू होतो. वीज तोडण्यापेक्षा हा मार्ग नोंदींसाठी कितीतरी सुरक्षित आहे. यालाही प्रतिसाद नसेल, कॅप्स-लॉकचा दिवा बदलत नसेल किंवा आपोआप उघडझाप करीत असेल, तर गाभ्याचेच काम थांबले आहे असे समजावे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. सर्व गोठले आहे पण हार्डडिस्कचा दिवा अखंड पेटलेला आहे, तर तो संगणक मेलेला नाही. मेमरी संपल्यामुळे तो डिस्कचा मेमरीसारखा वापर करीत धापा टाकीत आहे. माझी दुसरी तक्रार हीच होती. संध्याकाळी आमची मदतनीस ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस पाने उघडी ठेवीत असे. पाने कमी केली आणि मेमरीतील मजकूर दाबून साठविणारी ‘झेड-रॅम’ ही सोय चालू केली; तक्रार थांबली.

तिसरी पायरी : संगणकाची स्वतःची नोंद

लिनक्स स्वतःचे रोजचे टिपण ठेवीत असते, हा तिचा मोठा गुण आहे. ‘लॉग्ज’ या नावाच्या प्रोग्रॅममध्ये, अथवा टर्मिनलमधील ‘जर्नल-सीटीएल’ या आज्ञेने, मागील सत्राच्या शेवटच्या ओळी वाचता येतात. तेथे ‘आउट ऑफ मेमरी’ असे असेल तर मेमरी अपुरी पडली. ‘आय-ओ एरर’ असे वारंवार असेल तर हार्डडिस्क किंवा तिची केबल संशयित. आणि कोणतीही तक्रार न लिहिता नोंद मध्येच तुटली असेल, तर संगणकाला लिहिण्याइतकाही अवधी मिळाला नाही. अशा वेळी वीज, उष्णता वा यंत्रभाग यांकडे वळावे. माझ्या दुपारच्या तक्रारीत नोंद अशीच तुटलेली होती.

चौथी पायरी : शारीरिक तपासणी

कलबुर्गीची काळी माती असो की बीदरची तांबडी, आपल्याकडील धूळ संगणकाच्या पोटात जाऊन बसते. आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. वीज तोडून मी झाकण उघडले, तेव्हा प्रोसेसरवरील पंख्याच्या पात्यांखाली धुळीचे जाड अस्तर होते. अति तापल्यास प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी संगणक बंद करतो; म्हणजे तो बिघाड नसून संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया होती. पंखा बोटाने धरून ठेवून ब्लोअरने धूळ उडविली, प्रोसेसरवरील वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. ‘सेन्सर्स’ या आज्ञेने तापमान पाहता येते. भरकामात ते ८५-९० अंशांच्या पुढे जाऊ लागले तर सफाई हवी.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. मदरबोर्डवरील लहान नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर माथ्यावर फुगले आहेत काय? १९९९ ते २००७ या सुमाराच्या कित्येक मदरबोर्डांवर सदोष कॅपॅसिटर बसले होते, ही जगभर गाजलेली गोष्ट आहे. दुसरे, इन्व्हर्टर. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा क्षण थकलेल्या एसएमपीएसला झेपत नाही आणि संगणक पुन्हा सुरू होतो. बहुतेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ स्थितीचे बटण असते. ते तसे ठेवावे, किंवा स्वतंत्र यूपीएस घ्यावा. तिसरे, नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी. ती संपली की संगणकाचे घड्याळ मागे जाते, सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि आपल्या दृष्टीने अधिक गंभीर म्हणजे इंटरनेट नसताना लसीची तारीखही चुकीची नोंदली जाते.

पाचवी पायरी : मेमरी आणि हार्डडिस्क

चौथ्या तक्रारीसाठी भाच्याने ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा प्रोग्रॅम सांगितला. तो संगणक सुरू होतानाच, कोणतीही प्रणाली न उघडता चालतो. मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहितो आणि तेच परत वाचता येतात काय ते पाहतो. रात्रभर चालू ठेवावा. येथे सूट नाही. एक चूक आढळली तरी मेमरी सदोष समजावी. सकाळी दवाखाना उघडला तेव्हा पडदा लाल ओळींनी भरलेला होता.

दोन्ही पट्ट्या काढल्या. संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् उतरविली, सोनेरी संपर्कपट्टी खोडरबराने हलकेच पुसली, आणि एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासली. एक निर्दोष निघाली. दुसरीत चुका कायम. ती सदोष पट्टी फेकली आणि सिकंदराबादच्या बाजारातून जुनीच पण तपासलेली दुसरी पट्टी मागविली.

आता सारे उलगडले. दोष बहुधा लिनक्सच्या आधीपासूनच होता. नव्या प्रणालीने मेमरीच्या कप्प्यांची मांडणी वेगळी केली, आजारी कप्पा रोजच्या वापरात आला आणि दडलेला दोष ऐकू येऊ लागला. सहाव्या आठवड्यातील मर्मरप्रमाणेच. तक्ता साठविताना त्याच कप्प्यातून गेला म्हणून बिघडला, आणि पेनड्राइव्हवरील प्रतही त्याच सदोष मेमरीतून गेली म्हणून तीही निकामी. मी दोनदा प्रणाली पुनःस्थापित केली तीसुद्धा त्याच मेमरीतून. म्हणजे उपचारच दूषित होता.

हार्डडिस्कही या टप्प्यावर तपासून घ्यावी. ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये ‘स्मार्ट’ नावाचा तिचा आरोग्य-अहवाल मिळतो. बदलून दिलेल्या आणि प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता, प्रथम नोंदी उतरवून घ्याव्यात आणि डिस्क बदलावी.

सहावी पायरी : आता प्रणालीकडे

लिनक्सचा दोष नसतोच, असे मी म्हणत नाही. माझी पहिली तक्रार खरोखर प्रणाली आणि ग्राफिक्स-भाग यांच्या विसंवादाची होती. अशा वेळी सुरुवातीच्या यादीत पहिल्या पर्यायावर ‘ई’ कळ दाबावी आणि ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून, एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी ही अक्षरे सलग इंग्रजीत लिहून एफ-१० दाबावे. प्रणाली साध्या चित्रपद्धतीने उघडते. हा प्रथमोपचार आहे, कायमचा उपचार नव्हे. आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर बसवावा.

अद्ययावतीकरणानंतर त्रास सुरू झाला असेल, तर त्याच यादीतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पर्यायातून आधीचा गाभा निवडून पाहावा. यादी दिसत नसेल तर जुन्या संगणकांवर सुरू होताना शिफ्ट कळ दाबून ठेवावी. आधीच्या गाभ्यावर त्रास थांबला, तर मग ‘मुळे’ हा शब्द लिहिण्यास आधार मिळाला.

फारच जुन्या, म्हणजे ३२-बिट संगणकांबाबत मात्र आग्रह धरू नये. उबुंटूने २०१७ पासून त्यांच्यासाठीच्या डेस्कटॉप प्रती काढणे थांबविले, आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत त्यांचा इन्स्टॉलर वगळला. अशा यंत्राला सन्मानाने निवृत्त करावे.

सर्व पायऱ्यांना लागू असलेले तीन नियम

एका वेळी एकच बदल करावा. पंखा साफ केला, पट्टी बदलली आणि प्रणालीही नव्याने बसविली, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस वाट पाहून वहीत लिहावे.

बसविण्यापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरूनच एक दिवस चालवून पाहावी. संगणक तेथेही थिजत असेल, तर हार्डडिस्कवरील प्रणालीला दोष देता येत नाही. मेमरीची रात्रभराची तपासणीही बसविण्यापूर्वीच करावी. मी हे जानेवारीत केले असते तर एप्रिल उगवला नसता.

आणि नोंदींच्या प्रती. तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांपैकी एक दवाखान्याबाहेर. जुनी प्रत पुसून तिच्यावर नवी लिहू नये. मागील काही महिन्यांच्या प्रती तारखेसह वेगळ्या राहू द्याव्यात, कारण मला वाचविले ते जानेवारीतील जुन्या प्रतीने. तसेच महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न वाचलेला क्ष-किरण अहवाल.

तो २०१० सालचा संगणक आजही माझ्या दवाखान्यात आहे आणि त्यावर तीच लिनक्स चालते आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत पालकांसाठीच्या सूचना तोच छापतो. मात्र त्याच्या शेजारी आता एक लांबट कागदी रजिस्टर असते. सुई दिली की प्रथम त्यात ओळ लिहिली जाते, मग कार्डावर, आणि शेवटी संगणकात. त्या मुलीचे नाव त्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहे. तिच्या नव्या कार्डाची एक झेरॉक्सही तेथेच चिकटविली आहे.